दोर मुरवायची वाटी

भेस्तानच्या गॅरेजात मगनने शेठच्या अठ्ठेचाळीस सालच्या मोटारीचं इंजिन तिसऱ्यांदा उतरवलं होतं. क्रँकच्या मागून तेल गळायचं. गळती रोखणारा दोर आधी तेलात मुरवावा लागतो. कोरा बसवला तर हायवेवर जळतो. त्यासाठी बायकोची वाटी मागून घेतलेली. इंजिन चढवून रात्री गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा सकाळी कोरडा निघाला, म्हणजे गळती थांबली. "हवे पाकुं ने, मगनभाई?" आता पक्कं ना, अशी शेठने खात्री करून घेतली. त्यांच्या लेकीची पाठवणी याच गाडीतून, भरुचला. "पाकुं, शेठ!" सजवलेली गाडी फाटकाकडे निघाली, तशी बायको ओरडली, "आवो, मन्ही वाटी द्या! डाळ काय ओंजळीत वाढू?" मगनने वाटी उचलली. मुरवलेला दोर आतच होता. म्हणजे घाईत बाकावरचा कोरा तुकडाच बसवलाय. थांबवायला हात वर गेला, पण तिसऱ्यांदा चुकलो म्हणायला तोंड उघडेना. शेठने खिडकीतून हात हलवून निरोप घेतला. वाटीतलं तेल कोरड्या पुठ्ठ्यावर टपकलं.