लेकीच्या नावाची नोंद

लेक गेल्यावर तिच्या चित्रांची वेबसाइट बापानेच बंद केली. त्याचं कामच ते होतं. वेबसाइटचं नाव टाकलं की ती कुठल्या मशीनवर आहे, तो आकड्यांतला आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस नोंदी तो सांभाळायचा. तिची नोंदही त्यानेच पुसली.

तरी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो ते नाव शोधायचाच. "असं नाव अस्तित्वात नाही," एवढंच उत्तर यायचं आणि तो डबा बंद करायचा.

आज उत्तरात पत्ता आला.

त्याने दुसऱ्या सर्व्हरला विचारून पाहिलं. तोच पत्ता. तो त्याला तोंडपाठ होता, कारण तो त्याच्याच घरच्या इंटरनेटचा होता.

त्याने बायकोला फोन लावला. "तिच्या खोलीत काही चालू राहिलंय का गं?"

"काय चालू राहणार? कॉम्प्युटर तुम्हीच देऊन टाकलात. खोलीला कुलूप आहे."

"बघ ना जरा, माझ्यासाठी."

फोनवर बायकोची पावलं ऐकू आली, किल्ली फिरली, दार उघडलं.

"काय दिसतंय गं?" त्याने विचारलं.

बायको बोलली, पण त्याच्याशी नाही.

"किती वाळलीस गं, बाळा."