शिवायचं राहिलेलं पुस्तक

धाकटा जन्मभर एका खोलीत बसून पुस्तकं बांधत राहिला. थोरल्याचा मोठा कारखाना. कधी त्या रस्त्याने गेलाच, तर गाडीची काच खाली करून म्हणायचा, "अरे, किती दिवस खळीत हात बरबटून घेणार? चल, मॅनेजर करतो तुला."

धाकटा हसायचा. "मला इथंच बरं वाटतं रे, दादा. तूच उतर की जरा, चहा टाकतो."

थोरल्याला सवड कधी झालीच नाही. भावाने आयुष्याची माती केली, असं मात्र तो चारचौघांत हळहळून सांगायचा.

धाकटा गेला, तेव्हा खोली रिकामी करायला थोरला पहिल्यांदा आत शिरला. टेबलावर न शिवलेल्या पानांचा एक गठ्ठा होता. वरची दहा-बारा पानं त्याच्याच शाळकरी अक्षरातली. कारखाना काढताना त्याने रद्दीत टाकलेल्या गोष्टींची. खाली सगळी कोरी. शेजारी पुठ्ठा तयार होता, त्यावर सोनेरी अक्षरांत थोरल्याचं नाव. आत चिठ्ठी.



"दादा, लिहिताना किती खूश असायचास तू! उरलेली पानं भर सावकाश. शिवायला मी आहेच."