खडा उडाला

“कोणी हलू नका!”

थोरली ओरडली आणि आहे तिथेच खिळली. पलीकडे खोकी बांधणारा धाकटाही दोरी हातात धरून थिजला. दोघांच्या मध्ये, कामाच्या टेबलाशी, बाबा बसले होते. त्यांच्या उजव्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात काहीच नव्हतं.

खडा उडाला होता! डाळीच्या दाण्याएवढा लाल खडा, पण अस्सल. एका निवृत्त शिक्षिकेच्या आईच्या अंगठीतला. आईची तेवढीच खूण बाईंकडे उरली होती, ती आता गळ्यातल्या पदकात बसणार होती, आणि पदक न्यायला बाई तासाभरात येणार होत्या.

महिन्याभरात थोरली धाकट्याला उद्देशून काही बोलली असेल तर ते हेच ‘हलू नका’. एरवी सगळं बाबांमार्फत चाले. “बाबा, त्यांना सांगा, मोठी पक्कड माझी आहे.” “बाबा, त्यांना सांगा, त्यांची त्यांना लखलाभ.” दोघं हाताच्या अंतरावर, आणि मध्ये बाबा टपाल वाहतायत.

भांडणाचं मूळ एक कानस. थोरलीच्या कानशीने कोणीतरी शिसं घासलं. शिशाचा कण चांदीला लागला की तापवताना चांदीला भोकं पडतात. तिने जीव ओतून घडवलेल्या वाडग्याची पार चाळणी झाली. धाकटा म्हणाला, मी नाही. ती म्हणाली, मग भुताने घासलं. शब्दाने शब्द वाढला. आज संध्याकाळी टेम्पो येणार होता आणि धाकटा आपलं सामान घेऊन दुसरीकडे दुकान मांडणार होता. हे पदक दोघांचं शेवटचं एकत्र काम. घडण तिची, साखळी त्याची, कोंदणात खडा बसवायचा बाबांनी.

“बाबा, कुठल्या बाजूला उडाला?” थोरलीने विचारलं.

बाबांनी नुसते दोन्ही हात वर केले. बिचाऱ्यांची दातखीळच बसली, तिला वाटलं. या माणसाने उभ्या जन्मात एक खडा गमावला नव्हता.

“बाबा, त्यांना सांगा, टॉर्च...” धाकट्याने सवयीने सुरुवात केली. बाबांनी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग त्याला थेटच बोलावं लागलं. “ताई, टॉर्च लाव. जमिनीलगत धर.”

तिने टॉर्च फरशीवर टेकवला. त्याने गाल फरशीला लावला. तिरप्या उजेडात कणाकणाची सावली पडली.

“डावीकडे घे.”

“घेतेय की.”

“हा चांदीचा कीस. हे बटण. हे... झुरळ! ताई, झुरळ!”

“ओरडतोस काय, ते तुला खाणार आहे?”

“तुझ्या केसांत बघ बरं, अडकला असेल.”

“तुझ्या टकलावर पडला असता तर शोधावाच लागला नसता!”

बाबांना एकदम ठसका लागला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. दोघं चवड्यांवर धावले. तिने मघाचा चहा त्यांच्या तोंडाशी नेला. बाबांनी ओठ घट्ट मिटून कप बाजूला सारला.

“फारच मनाला लावून घेतलंय त्यांनी,” धाकटा कुजबुजला.

मग दोघांची नजर एकदमच खोक्यांवर गेली. सगळी अजून उघडीच होती. खडा उडून त्यांत पडला असला तर?

आता उपसाउपशी सुरू झाली. एकेक हत्यार बाहेर काढायचं, झटकायचं, पुसायचं, उजेडात फिरवून बघायचं. बघून झालं की ठेवायचं कुठे? हातांना ते विचारावं लागलं नाही. हातोडी तिच्या खिळ्यावर गेली, करवत तिच्या आकड्याला, छोटी ऐरण तिच्या लाकडी ठोकळ्यावर. थोरलीला खड्याची धास्ती होतीच, आणि तरी महिन्याभरात ती इतकी खूश झाली नव्हती. तिला या खुशीची लाजही वाटली.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी फडक्यात करकचून बांधलेलं काहीतरी होतं. सोडायच्या आधीच तिने ओळखलं. तिची कानस. तिच्यावर काय लागलंय हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तोच ती अशी वेगळी जपणार.

“मीच घासलं होतं, ताई,” धाकटा म्हणाला. “चुकून. लक्षात आलं तेव्हा वाडगा तापत होता. बोलायची छाती झाली नाही माझी.”

थोरलीला राग यायला हवा होता. आलं रडू.

“गाढवा, वाडगा पुन्हा घडवता येतो.”

त्याने बाहीने नाक पुसलं. मग म्हणाला, “टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवतो.”

“आजच्यापुरतं?”

“येऊच नको म्हणून.”

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बाई! दोघांचे चेहरे पांढरेफटक पडले. खोकी रिकामी, भिंत भरलेली, आणि खडा नाहीच.

“मी सांगतो त्यांना,” धाकटा म्हणाला.

“एकटा कशाला? दोघं सांगू.” तिने त्याचा हात धरला आणि दोघं दाराकडे निघाले.

“सापडला!”

बाबांचा आवाज! दोघं गर्रकन वळले. बाबांच्या तळहातावर लाल खडा झगझगत होता. थोरलीने झडप घालून तो उचलला. धाकट्याने तर उडीच मारली.

“कुठे होता, बाबा? कुठे?”

खडा तिच्या बोटांत ओला लागत होता. बाबांनी टेबलावरचा कप ओढला, चहावर धरलेली साय बघितली आणि तोंड वाकडं केलं.

“आधी हा गरम करून आणा,” ते म्हणाले. “मघापासून जिभेखाली जागा नव्हती.”