रांगेतले शेवटचे पाय

"काका, बसा की टेम्पोत. टाच सोलून निघालीय तुमची," पुतण्या शिवप्रकाश तिसऱ्यांदा म्हणाला.

"नवस चालायचा हाय, बसायचा न्हाई," म्हणत कल्याणराव लंगडत पुढे निघाले.

पूर्णेहून कपिलधारला निघालेल्या पायी दिंडीचा पहिलाच दिवस. कार्तिकातलं असूनही ऊन चावत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि कल्याणरावांच्या डाव्या पायाची वाकडी करंगळी चपलेच्या पट्ट्याखाली ठणकत होती. बाजारातली कुठलीच चप्पल त्या करंगळीला मानवत नसे. तरी गडी खुशीत होता. शेजारून चालणाऱ्या म्हातारीची पिशवीसुद्धा त्यानं आपल्या खांद्याला लावली होती.

नवस ही शुद्ध थाप होती. खरी ओढ ताडकळसच्या मुक्कामाची. तिथं त्यांची लेक महेश्वरी राहत होती. नऊ वर्षांपूर्वी तिनं मेंढरं राखणाऱ्या घरातल्या रामहरीशी लग्न लावलं, तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत ते गरजले होते, "मेलो तरी तुझं तोंड बघणार न्हाई!" राग पुढं केव्हाच विरला. पण चार लोकांत दिलेला शब्द दुकानदाराला गिळता येईना.

तीन वर्षांपूर्वी महेश्वरीनं दिंडीला मुक्कामाचं निमंत्रण धाडलं आणि कल्याणरावांना एकाएकी भक्तीचं भरतं आलं. चालत आलेल्यांचे पाय घरच्या बाईनं धुवायचे, हा दिंडीचा रिवाज. टेम्पोतून उतरणाऱ्याला तो मान नाही. महेश्वरी खाली मान घालून एकेकाचे पाय धुई. कल्याणराव उपरणं तोंडावर ओढून रांगेत शेवटी बसत आणि तिचे हात डोळे भरून बघत. शपथ तोंडाची होती, हातांची नव्हती.

फक्त तिनं ओळखायला नको होतं. ओळखलं आणि पाय तसेच टाकून ती उठून गेली तर? नुसत्या विचारानं ते उपरणं आणखी खाली ओढत.

दिवस कलताना ताडकळस आलं. अंगणात सडा पडला होता, पाणी तापलं होतं.

"काका, पुढं या की. लय दमलाव तुमी," शिवप्रकाश रांगेतून म्हणाला.

"राहू दे. मागंच बरं हाय."

रांग सरकत सरकत परात त्यांच्यापुढे आली. महेश्वरीनं टाच चोळली नाही, नुसती ऊन पाण्यात धरून ठेवली. मग वाकड्या करंगळीला कोमट तेल लावलं. परक्याचे पायसुद्धा पोर किती मायेनं धुते! कल्याणरावांचा ऊर भरून आला. गेल्या वर्षी तर ओले पाय टेकायला तिनं पेपर अंथरला होता आणि नंतर तो जपून उचलून आत नेला होता. टापटीप अगदी आईची, असं ते तेव्हा मनात म्हणाले होते.

तिनं पदरानं पाय पुसले. मागं ठेवलेल्या फडक्याची गाठ सोडून एक जोड त्यांच्यापुढे मांडला. कोऱ्या करकरीत चपला. डावीचा पट्टा करंगळीपाशी मुद्दाम सैल शिवलेला.

"घालून बघा, अप्पा," ती खालच्या मानेनंच म्हणाली. "मी वर बघत न्हाई. तुमची शपथ मोडंल."