निबेखालची चांदणी

“पेन आजोबांचं आहे. कुठलं मॉडेल, किती जुनं, एवढंच सांगा,” ती म्हणाली.

एवढंच विचारणारी माणसं शेवटी विकायलाच आलेली असतात. मी टोपण अंगठ्याने घासून वास घेतला. जळक्या रबराचा आला, म्हणजे एबोनाइट, जुन्या पेनांचं कडक रबर. शाई भरायला बाजूला पितळी दांडी. मॉडेल ओळखलं: सत्तर वर्षांपूर्वीचं, अस्सल. पण याला मुळात सोन्याची निब असते. हिच्या पेनात साधी पोलादी होती.

“सोनं काढून घेतलंत आणि उरलेलं माझ्या दुकानात आणलंत?”

ती भडकली. “तोंड सांभाळून बोला! आजोबांनी हे एकदा दुरुस्तीला दिलं, तेवढंच. एरवी कुणाला हात लावू दिला नाही.”

“मग त्या दुरुस्तीवाल्यानेच हात मारला. थांबा, नावच सांगतो.” दुरुस्त केलेल्या पेनात आम्ही कारागीर आपापली खूण कोरून ठेवतो. मी निब उपसली. तिच्याखालच्या पट्टीवर बारीक चांदणी होती.

तशी चांदणी गावात एकाच दुकानात कोरतात. मला ती बाबांनी शिकवली.

“कोण निघाला चोर?” तिने विचारलं.

“खूण पुसलीय,” मी म्हणालो आणि चांदणीवर अंगठा दाबून धरला.