दगड हाय

मालोजी, त्यांचे धर्माजी, धर्माजींचे वाल्मिक. या तीन पिढ्यांत घराण्याने उच्चारलेला शब्द कधी मागे घेतला नाही, हे सुंदराबाई काठीवर रेलून सांगत होत्या, आणि त्यांची भाची किरण मोटारीखाली उताणी पडून ते मुकाट ऐकत होती.

मोटार वाल्मिकांची. लाल, दोन आसनांची, उघड्या टपाची, शर्यतीसाठी घडवलेली. खोपोलीच्या एका गिरणीसाहेबाने गाव सोडताना ती त्यांना विकली होती. सत्तेचाळीस वर्षे ती कुंभिवलीच्या घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली होती आणि तिला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. हमरस्त्यावरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या किरणने गेल्या दसऱ्याला आत्याची परवानगी मागितली. सुंदराबाईंनी ती का दिली, हे घरात कोणालाच उमगले नाही. दर रविवारी काम चाले. किरणने कार्बोरेटर पेट्रोलात धुतला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, ब्रेकच्या नळ्या मुंबईहून आणवल्या, कागदपत्रांसाठी हेलपाटे घातले. आता हातब्रेक तेवढा उरला होता.

"आत्या, हातब्रेकची तार तुटलेली आहे," खालून आवाज आला. "आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर काहीतरी अडकलंय."

पहारेचे चार घाव बसले. एक काळा तुकडा फरशीवर आदळला आणि सुंदराबाईंच्या पायाशी येऊन थांबला. जात्याची अर्धी तळी. मधल्या भोकाची कड दोरीने घासून गुळगुळीत झालेली.

सुंदराबाईंचे वाक्य अर्ध्यातच राहिले.

असा दगड पंचक्रोशीत एकाकडेच होता. कशेळ्यापलीकडच्या ठाकरवाडीतला पोशा मोटारीच्या मागे बसून येई. चढावर इंजिन तापले, की उडी मारून चाकामागे दगड लावी, आणि निघताना वाकावे लागू नये म्हणून त्याने जात्याच्या भोकात दोरी ओवली होती. वाल्मिक विचारत, "पोशा, दगड?" तो म्हणे, "हाय." मगच वाल्मिक ब्रेकवरचा पाय उचलत. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही असेच झाले, आणि मोटार मागे घरंगळत ओढ्यात गेली. वाल्मिक वरच, रस्त्यावर फेकले गेले. शेजारच्या आसनावरच्या एकवीस वर्षांच्या सुंदराचा पाय गेला, आणि ठरलेले लग्नही. चढावर दगड शोधला, सापडला नाही. मग वाल्मिकांनी कशेळ्याच्या भरल्या बाजारात सांगितले, की पोशाने दगड न लावताच हाय म्हटले, आणि माझी लेक त्याला साक्षी आहे. दगड लावला होता का, असे विचारल्यावर खाटेवरून आणलेल्या सुंदराने एकच शब्द उच्चारला होता. "नाय."

त्यानंतर पोशाला एकाही ट्रकवाल्याने मागे बसू दिले नाही. लोक त्याला 'नायपोशा' म्हणू लागले. त्याच्या नातवंडांनाही त्याच नावाने ओळखतात.

किरण हात पुसत बाहेर आली. तिने तुकडा उचलून पाहिला. तार तुटली, सगळा भार दगडावर आला, दगड दुभंगला आणि गाडीनेच तो पोटात घेतला, असे ती हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी सांगत गेली. मग तिने आत्याकडे पाहिले. "तुमचा काय दोष? तुम्हाला तरी कुठून माहीत असणार?"

कशेळ्याच्या बाजारादिवशी मोटार रस्त्यावर हवी, एवढीच सुंदराबाईंनी आज्ञा केली.

बाजाराच्या टोकाला रस्ता चढाला लागतो. सुंदराबाईंनी मोटार तिथेच उभी करवली. लाल मोटार पाहून माणसे गोळा झाली. काहींनी फोन काढले. पोशा बायको मंगळीबरोबर रानभाजीचे वाटे मांडून बसला होता. निरोप जाताच तो उठला. मंगळी त्याच्यामागून आली. तिने मोटारीकडे पाहिले, मग मोटारीतल्या बाईकडे.

"येवढी वर्सं लागली गं बाय," ती म्हणाली, "येक गाडी नीट कराया?"

कोणीतरी हसले. सुंदराबाईंनी तिकडे नुसते पाहिले आणि हसू थांबले. मग काठीच्या आधाराने त्या उतरल्या. पदराखालून जात्याचा तुकडा काढून त्यांनी पोशाच्या हातात ठेवला. तो ओळखायला त्याला पाहावे लागले नाही. अंगठा भोकाच्या कडेवरून फिरला, तेवढाच.

"आमच्या घराण्यात बोललेला शब्द कोणी मागे घेत नाही," सुंदराबाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आज मी घेते. पोशानं दगड लावला होता. हा गाडीत सापडला म्हणून सांगत नाही. तेव्हा मी वळून पाहिलं होतं. दगड होता म्हटलं असतं, तर माझ्या पायाचा दोष माझ्या बापाच्या माथी बसला असता. म्हणून नाय म्हटलं."

किरणने मान वळवली. आत्याचा चेहरा तिला पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

सुंदराबाई पुन्हा चढून त्याच, शेजारच्या आसनावर बसल्या. त्यांनी पोशाला चाकाकडे खूण केली. ऐंशीच्या घरातला तो माणूस गुडघ्यावर हात टेकीत वाकला आणि त्याने तो तुकडा मागच्या चाकामागे लावला. किरणला त्यांनी इंजिन बंद करायला, गिअर काढायला आणि हातब्रेक सोडायला सांगितले. किरणने मागच्या उताराकडे पाहिले आणि ब्रेकवरचा पाय अधिकच दाबला.

"पोशा," सुंदराबाईंनी वडिलांच्याच आवाजात विचारले, "दगड?"

सत्तेचाळीस वर्षांत त्याला हे कोणी विचारले नव्हते. तो सावकाश ताठ झाला.

"हाय."

"किरण, पाय उचल."

किरणने पाय उचलला. गाडी तसूभरही हलली नाही.