ऐकू जाईल इतपत

टेस्ट सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झाली असतील, तोच नव्या कॉम्प्युटरचे पंखे असे घोंघावायला लागले की थोरलीने कपाळावर हात मारला.

"बारक्या, हा कॉम्प्युटर आहे की पिठाची गिरणी?"

धाकटा हसला. ओठांच्या एका कोपऱ्यातच, पण हसला. सकाळपासून दोघं भावंडं जमिनीवर मांडी ठोकून सुटे भाग जोडत बसली होती. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून त्याने आपल्या खोलीत कुणालाच इतका वेळ टिकू दिलं नव्हतं. स्क्रू सगळे त्यानेच आवळले. ग्राफिक्स कार्डही त्यानेच बसवलं, आणि ते खाचेत 'टक्' करून बसलं तेव्हा शाबासकीसाठी तिच्याकडे पाहिलं.

"कार्ड तापतंय, ताई. ऐंशीच्या वर गेलं. गेम लावल्यावर तर बघायलाच नको."

"त्याचं व्होल्टेज उतरवू. कंपनीवाले सगळ्यांनाच जरा जास्त देऊन ठेवतात. कमी खाऊनही तेवढंच पळतं ते."

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी उभी होती, कोरडेच हात पुन्हा पुन्हा पुसत.

"तो आवाज असाच राहणार का गं?"

"कमी करतेय."

"कर बाई. जुना कसा गपगार होता. दाराशी बसलं की आतलं सगळं ऐकू यायचं." आईने आवाज खाली आणला. "खेळताना मित्रांशी बोलतो तो. आमच्याशी चकार शब्द नाही, पण त्यांच्याशी बोलतो, हसतो. तेवढं कानावर पडलं की मग मी अंथरुणाला पाठ टेकते. आता या गोंगाटात मला कसं कळणार, की तो..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. थोरलीने त्याच्या खोलीकडे पाहिलं. खोलीच्या दाराला आता आतून कडी नव्हती. बाबांनी ती उपटून काढली होती आणि भोकं बुजवून वर रंगाचा हात मारला होता.

थोरली खोलीत परतली. मागोमाग येऊन आई बाहेर, दाराशेजारच्या स्टुलावर बसली.

व्होल्टेज थोडं उतरवलं. टेस्ट चालली. आणखी उतरवलं, तरी चालली.

"अजून उतरव, ताई."

"हावरटपणा नको हं."

तरी तिने उतरवलं. स्क्रीन झपकन काळी झाली.

"गेलं." क्षणात त्याचा चेहराच विझला. "माझ्या हाताला यशच नाही. कशातच."

"अरे, काही जळलंबिळलं नाही. उपाशी राहिलं म्हणून आडवं झालं. चालू कर परत."

तो हलला नाही. तिनेच बटण दाबलं, आकडा एक पायरी वर चढवला, आणि मग दोघं स्क्रीनकडे डोळे लावून बसली. या वेळी टेस्ट शेवटपर्यंत गेली. वेग तसूभरही कमी झाला नव्हता. कार्ड सत्तरच्या आतच थांबलं होतं आणि पंखे झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे हळू फिरत होते.

"जमलं की नाही?" ती म्हणाली. "आण तो हेडफोन, माईकही तपासून घेऊ."

"माईक तुटलाय त्याचा," तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

"कधी?"

"झाले बरेच महिने."

"मग मित्रांशी बोलतोस कसा?" तिनेही हळूच विचारलं.

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर स्टूल करकरलं. त्याने तिच्या हातून माउस घेतला आणि पंख्यांचा वेग सरळ टोकाला नेऊन ठेवला. खोली आवाजाने भरून गेली. मग तो तिच्या कानाशी आला.

"मित्रबित्र कुणी नाहीत, ताई. आई बाहेर बसते ना. मी बोललो नाही तर उठतच नाही. पहाट होते, तरी बसलेली असते. म्हणून मग बोलतो."

पंख्यांचा वारा थोरलीच्या गुडघ्याला गरम लागत होता.

"जुन्यावर हळू बोललं तरी तिला ऐकू जायचं," तो म्हणाला. "या गिरणीत ओरडावं लागलं असतं. ओरडून हसता येत नाही गं."

"मी नवा माईक आणते. माझ्याशी बोल."

त्याने हेडफोन उचलला.

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे खरं बोलावं लागेल."

त्याने पंखे पुन्हा खाली आणले. कानांवर हेडफोन चढवला आणि पाठ फिरवून खुर्चीत बसला. आता तिने निघावं, एवढं तिला कळलं. तरीही ती क्षणभर त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. त्याने तो झटकला नाही.

बाहेर आईने मान वर केली. "झालं?"

"झालं."

दार लोटून थोरली स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. आत खेळ सुरू झाला आणि पाठोपाठ त्याचा आवाज आला. खणखणीत, शब्द न् शब्द कळेल असा.

"अरे, थांब की! मला तरी येऊ दे!"

आईने डोळे मिटून घेतले. तिचे आखडलेले खांदे हळूहळू खाली आले.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "कोणीतरी आहे गं त्याला."

थोरलीने मान डोलावली. आत तो थांबला होता. पलीकडच्याचं बोलून व्हायला लागेल तेवढाच वेळ थांबला, आणि मग मोठ्याने हसला.